फाट्यावरच्या थांब्याला सायकलची वाट कशी काढावी

डिसेंबरातली सकाळ, पावणेसात. फाट्यावर लिंबाखाली दहाबारा माणसं, धुवारी अशी की पलीकडची टपरी दिसत नव्हती. एसटी आली, अर्धी डांबरावर अर्धी साईडपट्टीवर उभी राहिली. आधी दोघे उतरले, मग एक म्हातारी. हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातानं दांडा धरलेला. शेवटच्या पायरीखाली मुरूम वाहून गेलेला, म्हणून तिला पाय लांब टाकावा लागला. तेवढ्यात मागून नववीतली एक पोरगी सायकलवर आली, बस आणि निवारा यांच्या मधून. हँडल पिशवीच्या बंदात अडकलं. म्हातारी गिट्टीवर पडली ती मनगटावरच.

लोक पोरीवर ओरडायला लागले. ती थरथरत एवढंच म्हणाली, "मंग मी कोठून जाऊ? उजवीकून ट्रक येते." आणि खाली बसलेली म्हातारी, मनगट पोटाशी धरून म्हणाली, "पोरीले काही म्हणू नोका. तिचं काय चुकलं?"

मी तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीवर नवीन होतो. त्याच दिवशी दुपारी टेप घेऊन गेलो. बसच्या दारापासून निवाऱ्याच्या ओट्यापर्यंत नऊ फूट जागा भरली. त्या नऊ फुटांत उतरणारे, चढणारे, शाळेच्या सायकली, टपरीचा बाक आणि एक काळीपिवळी. पुढची दोन वर्षं आम्ही त्या नऊ फुटांवर काम केलं. त्यात जे कळलं, जे चुकलं आणि जे जमलं, ते नव्यानं निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी, शाळा समितीवर आलेल्या पालकांसाठी आणि गावात नव्या बदलून आलेल्या गुरुजी-बाईंसाठी इथे लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. थांब्यावर पहिला हक्क पायी माणसाचा. बसच्या दारातून पाय खाली पडतो तिथून निवाऱ्यापर्यंत त्याच्या वाटेत चाक येता कामा नये, सायकलचंही नाही. सायकलीला वाट द्यायचीच आहे, पण ती निवाऱ्याच्या मागून.

आधी तीन वेळा नुसतं उभं राहा

कागद, अर्ज, ठराव या सगळ्याच्या आधी फाट्यावर जाऊन उभं राहायचं. तीन वेळा: शाळेच्या दिवशी सकाळी, आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी, आणि संध्याकाळी दिवे लागणीला गुरं परततात तेव्हा. दर वेळी तास-दीड तास. वही घ्या, टेप घ्या, आणि पावशेर चुना घ्या.

चुना कशाला? बस खरंच कुठे थांबते ते खूण करायला. पुष्कळ गावांत निवारा एकीकडे आणि बस थांबते दुसरीकडे. चालकाला जिथे सावलीत माणसं दिसतात तिथे तो थांबतो. आमचा निवारा आमदार निधीतून झालेला, भिंती पक्क्या, बाक सिमेंटचा, पण तो लिंबापासून पंचवीस पावलं पुढे. दुपारी निवाऱ्याचा पत्रा तापला की सगळी गर्दी लिंबाखाली. म्हणून आठ दिवस प्रत्येक बसच्या पुढच्या चाकापाशी चुन्याचं बोट ओढलं. आठव्या दिवशी सोळापैकी तेरा खुणा लिंबासमोर निघाल्या. पुढे अभियंत्याशी बोलताना त्या चुन्याच्या खुणांचा फोटो सगळ्यात जास्त कामी आला.

दुसरी नोंद सायकलींची. किती येतात, कोणत्या बाजूनं, बस उभी असली तर काय करतात. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी फाट्यांवर सकाळी एका वेळी पंधरा-वीस मुली सायकलवर आणि त्याच वेळी मानव विकासची निळी बस, असं दृश्य असतं. ज्या मुलींना जवळच्या शाळेसाठी सायकल मिळाली आणि ज्यांना लांबच्या शाळेसाठी बस मिळाली, त्यांची गाठ नेमकी थांब्यावर पडते.

तिसरी नोंद वेगाची, आणि तिला कुठलंही यंत्र लागत नाही. रस्त्याच्या कडेनं टेपनं १०० मीटर मोजा, दोन्ही टोकांना दगड ठेवा. गाडी पहिल्या दगडाला आली की मोबाईलचं घड्याळ सुरू, दुसऱ्याला आली की बंद. ९ सेकंद लागले तर वेग ताशी ४० किलोमीटर, ६ सेकंद तर ६०, साडेचार सेकंद तर ८०. वीस-पंचवीस गाड्या मोजल्या की चित्र कळतं.

आता हे चित्र म्हातारीच्या पावलांशी लावून बघा. दुपदरी रस्त्याचं डांबर साधारण ७ मीटर. धडधाकट माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, म्हणजे त्याला ओलांडायला ६ सेकंद. डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई किंवा म्हातारा माणूस सेकंदाला ०.८ मीटर चालला तरी पुष्कळ, म्हणजे जवळजवळ ९ सेकंद. ताशी ६० नं येणारी गाडी ९ सेकंदांत १५० मीटर येते. ताशी ८० नं येणारी २०० मीटर. म्हणजे तुमच्या थांब्यावरून दोन्ही बाजूंना २०० मीटर रस्ता स्वच्छ दिसत नसेल, तर त्या बाईनं नीट बघून पाऊल टाकलं तरी गाडी तिच्यापर्यंत पोचते. "बघून चालत नाहीत लोक" असं कोणी म्हटलं की त्याला हा हिशेब दाखवा.

रस्ता कोणाचा, ते दगडावर बघा

नवीन सदस्य हमखास इथे अडकतात. अर्ज एकाकडे जातो, रस्ता दुसऱ्याचा असतो, आणि सहा महिने "आमच्याकडे येत नाही" एवढंच उत्तर मिळतं. सोपी खूण म्हणजे किलोमीटरचा दगड. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग बहुतेक सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. नारिंगी डोक्याचा दगड म्हणजे प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा रस्ता. दगडावरचा किलोमीटर आकडा आणि थांब्यापर्यंतचं अंतर लिहून ठेवा. अर्जात "आमच्या फाट्याजवळ" असं लिहिण्यापेक्षा तो आकडा लिहिला की फाईल हलते.

समृद्धी महामार्गाशेजारच्या गावांनी एक लक्षात ठेवावं: त्या मार्गावर सायकल, दुचाकी आणि पायी माणूस यांना मुळात प्रवेशच नाही. तिथे आपला विषय खालून जाणाऱ्या बोगद्याचा आणि सर्व्हिस रस्त्याचा, थांबा त्या खालच्या रस्त्यावरच मागायचा.

थांबा योग्य जागी आहे का

इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था देशातल्या रस्त्यांची मानकं ठरवते, तिला सगळे आयआरसी म्हणतात. ग्रामीण महामार्गांवरच्या बस थांब्यांसाठी तिची वेगळी मार्गदर्शिका १९८१ पासून आहे, क्रमांक ८०. तिचं म्हणणं आपल्या गुराख्यालाही पटेल असं आहे. थांबा वळणावर नको. चढाच्या माथ्यावर नको. पुलाला लागून नको. तीन मीटरहून उंच भरावावर नको. मोठ्या रस्त्याच्या चौकापासून ३०० मीटर दूर असावा, आणि गावरस्त्याच्या फाट्यापासून ६० मीटर दूर असला तरी चालतो, म्हणजे लोकांना फार चालावं लागत नाही.

आपल्याकडे थांबा नेमका फाट्याच्या तोंडावर असतो. गावातून ट्रॅक्टर बाहेर पडायला बघतो, त्याला बस आडवी. मुख्य रस्त्यावरचा दुचाकीवाला बसच्या बाजूनं निघतो, त्याला ट्रॅक्टर दिसत नाही. साठ मीटर म्हणजे साधारण ऐंशी पावलं. लोक पहिल्यांदा कुरकुर करतात. आमच्याकडेही "बुढ्या माणसाले तेवढं चालायला लावता काय?" असा प्रश्न आलाच, आणि तो रास्त होता. म्हणून फाट्यापासून थांब्यापर्यंत पायवाट आधी केली, थांबा नंतर हलवला. हा क्रम उलटा करू नका.

दोन्ही बाजूंचे थांबे समोरासमोर नको, थोडे पुढे-मागे असावेत, आणि असे की दोन्ही बसांच्या पाठी एकमेकींकडे असतील. ओलांडायची जागा मग त्या दोन पाठींच्या मध्ये येते आणि कोणी बसच्या तोंडासमोरून धावत नाही. तरी मुलांना शिकवायचं एकच: बस निघून जाऊ द्या, मग ओलांडा. बसच्या पुढून गेलं तर ओव्हरटेक करणारी गाडी दिसत नाही, मागून गेलं तर समोरून येणारी दिसत नाही. बस गेली की दोन्ही दिसतात.

सायकलची वाट

आमचा पहिला प्रयत्न चुकला तो आधी सांगतो. उत्साहात आम्ही चुन्यानं सायकलसाठी दीड मीटरचा पट्टा आखला, साईडपट्टीवरून सरळ, बसच्या दारासमोरून. वाटलं, पट्टा दिसला की शिस्त येईल. झालं उलटं. पट्टा आपला आहे म्हणून पोरं अधिक जोरात यायला लागली, आणि उतरणाऱ्या माणसाचं पहिलं पाऊल त्या पट्ट्यातच पडायला लागलं. आठ दिवसांत तो पट्टा आम्हीच पुसला.

हा प्रश्न आपल्यापुरताच नाही. सायकलींचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नेदरलँड्समध्ये आणि डेन्मार्कमध्ये तो फार आधी आला. तिथली रीत अशी की सायकलचा पट्टा थांब्याजवळ आला की रस्त्यापासून बाजूला वळसा घेऊन निवाऱ्याच्या मागून जातो आणि बस व पट्टा यांच्यामध्ये प्रवाशांसाठी एक बेट उरतं. बसमधून उतरणारा माणूस आधी बेटावर पाय ठेवतो, दम घेतो, बघतो, मग सायकलची वाट ओलांडतो. जिथे बेटाला जागा नाही आणि बसचं दार थेट सायकल पट्ट्यावर उघडतं, तिथे डेन्मार्कमध्ये सायकलवाल्यानं थांबून प्रवाशांना वाट द्यायची, असा नियम आहे. लंडनमध्येही गेल्या दहा-बारा वर्षांत असे थांबे झाले, आणि तिथल्या अंध लोकांच्या संघटनांनी त्यांना जोरदार हरकत घेतली. सायकलचा आवाज येत नाही, मग बेटावरून बाहेर पडायचं कसं, हा त्यांचा सवाल. तो सवाल आपणही आखणीच्या पहिल्या दिवशी विचारायला हवा. प्रत्येक गावात कमी दिसणारी चार म्हातारी माणसं असतातच.

आता आपल्या फाट्यावर हे कसं करायचं?

निवाऱ्याच्या मागे किती जागा आहे ते मोजा. रस्त्याच्या हद्दीत आणि नालीच्या अलीकडे तीन मीटर मिळाले तर काम झालं. सायकलच्या वाटेला किमान २ मीटर रुंदी ठेवा. आयआरसीची सायकल मार्गांची मार्गदर्शिका तेवढीच रुंदी धरते, आणि आपल्याकडे पोरं एकाच वाटेनं दोन्हीकडून येणार हे उघड आहे, म्हणून त्याहून कमी नको. उरलेला मीटर निवाऱ्याची मागची भिंत आणि वाट यांच्या मध्ये सोडा, म्हणजे भिंतीआडून बाहेर पडणारं माणूस एकदम सायकलसमोर येणार नाही.

वाट बसच्या मागच्या चाकाच्या पंधरा-वीस मीटर आधीच साईडपट्टी सोडून आत वळली पाहिजे. वळण सावकाश असावं. एकदम काटकोनात वळवलं तर कोणी वळत नाही, सरळच येतात. तसंच पुढे पंधरा मीटरनं परत साईडपट्टीला मिळवा. मिळवताना समोर नाली, विजेचा खांब किंवा टपरी येत नाही ना ते बघा.

बस आणि निवारा यांच्या मधली जागा, म्हणजे आपलं बेट, जमेल तेवढं मोठं ठेवा. पायी चालणाऱ्यांसाठी आयआरसी मोकळी रुंदी १.८ मीटर सांगते. थांब्यावर सामान, गाठोडी, पोरं असतात, म्हणून अडीच मीटर धरा. जमिनीपासून त्याची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नको. त्या उंचीमुळे शेवटची पायरी जवळ येते, आणि आमच्या म्हातारीचा पाय जिथे हुकला तिथला खड्डाही राहत नाही. एका टोकाला उतार द्या, एका हात उंचीला बारा हात लांबी या हिशेबानं, म्हणजे कुबडीवाला आणि चाकाची खुर्चीही चढेल.

माणसांनी सायकलची वाट ओलांडायची जागा एकच असावी. गावातून येणारी पायवाट जिथे मिळते तिथे. तिथे सायकलची वाट दोन-तीन बोटं उचला आणि मुरूमाऐवजी फरशी किंवा खडबडीत सिमेंट टाका. तीन कामं एकदम होतात: सायकल आपोआप हळू होते, पाय ठेवला की कमी दिसणाऱ्याला तळव्याला फरक कळतो, आणि चाकाचा खडखड आवाज येतो. हा आवाज आम्हाला ठरवून मिळाला नाही, गवंड्यानं फरशी पुरली नाही म्हणून अर्ध्या जागेत गिट्टीचं खडबडीत सिमेंट सोडलं आणि गावातल्या एका अंध आबाजींनी तिसऱ्या दिवशी सांगितलं की आता सायकल ऐकू येते. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगतो.

निवाऱ्याची मागची भिंत विटांची असेल तर कमरेच्या वरच्या भागात जाळी काढून घ्या. जाळीतून बसलेल्याला सायकल दिसते, सायकलवाल्याला उठणारा माणूस दिसतो. वाराही येतो. भिंतीवर नाव रंगवलेलं असतं, त्यामुळे तिला हात लावायला कोणी धजत नाही. नाव वर पत्र्यावर लिहून देतो म्हटलं की विरोध मावळतो.

मागे जागाच नसेल तर? काही थांबे नाल्याला लागून असतात, मागे सरळ शेताचं कुंपण. तिथे वाट ओढूनताणून काढू नका. तिथे नियम लावा: बस उभी, सायकल उभी. बसच्या मागे दहा पावलांवर पांढरा पट्टा आखा. बस उभी असेल तर त्या पट्ट्यावर उतरून थांबायचं, बस गेली की निघायचं. आमच्या शेजारच्या गावात प्रार्थनेच्या वेळी रोज हे एक वाक्य म्हणून घेतात, आणि मी स्वतः बघितलं आहे, सहावीतली पोरं दहावीच्या पोरांना थांबवतात.

काळी माती आणि मुरूम

कागदावरची आखणी आपल्या मातीत टिकत नाही, हे बाहेरून आलेल्या अभियंत्यांनाही कधीकधी सांगावं लागतं. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट मुरूम टाकला की पहिल्या पावसात मुरूम खाली, चिखल वर. सायकल त्यात रुतली की पोर डांबरावर चढतं आणि सगळी मेहनत वाया.

म्हणून वरची काळी माती आधी फूटभर तरी काढा. तळ बाहेरच्या बाजूला थोडा उतरता करा. मुरूम एकदम ओतू नका, वितभर-वितभर थरांत टाका, पाणी मारा, रोलर फिरवा. रोलर मिळत नसेल तर भरलेली ट्रॉली दहा वेळा फिरवली तरी पुष्कळ बसतो. कडेला दगडांची रांग मातीत पुरून द्या, पण डोकं जमिनीच्या वर ठेवू नका, सायकल अडकते. नाली बुजवू नका, वाट ओलांडते तिथे पाईप टाका. मार्च-एप्रिलमध्ये हे काम करावं, पेरणीच्या घाईत ना ट्रॅक्टर मिळत ना माणूस.

मुरूम गावच्या टेकडीवरून उचलून आणायचा मोह होतो. तो गौण खनिज आहे, तहसीलची परवानगी घ्या. चांगल्या कामावर दंडाची पावती लागली की पुढच्या वेळी कोणी पुढे येत नाही.

डांबर आणि साईडपट्टी यांच्यातली पायरी हा वेगळाच शत्रू आहे. पावसानंतर डांबराची कड चार-सहा बोटं उघडी पडते. बस बघून खाली उतरणारी सायकल तिथे घसरते, परत वर चढताना पडते. थांब्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर तरी ही कड मुरूमानं बरोबरीत ठेवायची, दरवर्षी.

कागद

हे थोडक्यात, कारण सगळीकडे सारखंच आहे. आधी महिला सभेत विषय घ्या. बस आणि पायवाट सगळ्यात जास्त वापरणाऱ्या तिथेच बसलेल्या असतात, आणि अर्ध्या तिकिटाची सवलत आल्यापासून तर बायकांचा प्रवास डोळ्यांना दिसेल इतका वाढला आहे. मग ग्रामसभेचा ठराव. ठरावाला जोडायचं: हाताने काढलेला नकाशा, चुन्याच्या खुणांचे फोटो, वेगाची नोंद, सायकलींची मोजणी, किलोमीटरचा आकडा.

तो कागद तीन ठिकाणी द्या आणि तिन्हीकडून पोच घ्या. रस्ता ज्याचा त्या विभागाच्या उपविभागीय कार्यालयात. थांबा हलवायचा असेल तर एसटीच्या आगार व्यवस्थापकांकडे, कारण विनंती थांबा कुठे धरायचा हे चालक-वाहकांना तेच सांगतात. आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. ३० दिवसांत काही कळलं नाही तर माहितीच्या अधिकारात "आमच्या ठरावावर काय कार्यवाही झाली" एवढंच विचारा.

राष्ट्रीय महामार्गावर थांबा असेल तर "अपघातप्रवण ठिकाण" कशाला म्हणतात ते माहीत असू द्या. साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. आपल्या फाट्यावर मनगट मोडलं, डोकं फुटलं, ते पोलिसांत नोंदलंच जात नाही. मग कागदावर फाटा निर्धोक दिसतो. म्हणून गावानं स्वतःची वही ठेवावी: तारीख, वेळ, कोण, कसं, कुठे लागलं. त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे झाली नाही आणि त्यातून कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम धमकी म्हणून वापरू नका. अर्जात शांतपणे उल्लेख करा, पुरे होतं.

आणि गतिरोधक स्वतः टाकू नका. गावकरी एका रात्रीत सिमेंटचा उंच वरंबा घालतात, दुसऱ्या दिवशी दुचाकीवरची बाई मागून पडते. आयआरसीचा गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, आधी फलक, वर पांढरे पट्टे. राष्ट्रीय महामार्गावर तर तो मागूच नका, तिथे फलक, पट्टे आणि दिवा मागा.

टपरी, काळीपिवळी, सोयाबीन

टपरीवाला हा थांब्याचा राखणदार असतो. तो रात्री दिवा लावतो, पोरींवर नजर ठेवतो, कोणाची पिशवी राहिली तर जपून ठेवतो. त्याला हुसकावू नका. त्याची टपरी बेटावरून उचलून सायकलच्या वाटेच्याही मागे, पायवाटेच्या तोंडाशी द्या. गिऱ्हाईक तुटत नाही, हे त्याला चार दिवस दाखवावं लागतं. बाक मात्र बेटावर परत येतो, त्यावर लक्ष ठेवा.

काळीपिवळी आणि ऑटोंना थांब्याच्या पुढे तीस-चाळीस मीटरवर जागा आखून द्या. बस थांब्याजवळ वाहन उभं करायला नियमानं मनाई आहेच, पण पर्यायी जागा दिली तरच ती मनाई चालते.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीन आणि पुढे तूर डांबरावर वाळत पडते. शेतकऱ्याकडे खळं नाही, जागा नाही, हे आपल्याला माहीत आहे. पण भोवती ठेवलेले दगड माल उचलल्यावर तिथेच राहतात, आणि अंधारात सायकल त्यांच्यावर जाते. ग्रामसभेत एवढं ठरवा: थांब्याच्या दोन्ही बाजूंना १०० मीटरमध्ये वाळवण नाही, आणि इतर ठिकाणी माल उचलला की दगडही उचलायचे. कापसाच्या बंड्या आणि ट्रॉल्यांच्या मागे लाल चमकपट्टी लावून घ्या. तीच पट्टी सायकलींच्या मागच्या मडगार्डवर, आणि दप्तरावरही. सगळ्या मुलींसाठी मिळून जो खर्च येतो तो एका सत्कार समारंभाच्या हारांपेक्षा कमी असतो.

पदपथ नसलेल्या रस्त्यानं पायी चालताना उजव्या बाजूनं चालायला शिकवा, म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. सायकल मात्र डावीकडूनच. मुलं या दोन्हींची गल्लत करतात, मैदानावर फक्की मारून दोनदा करून घ्या.

अपघात झालाच तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, कलम १३४-अ. हे तीन फोन नंबर निवाऱ्याच्या आतल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा, किलोमीटरच्या आकड्यासह, म्हणजे घाबरलेल्या माणसाला "कुठे आहात" याचं उत्तर वाचून सांगता येईल.

पहिल्या पावसानंतर

काम झाल्यावर महिनाभरानं पुन्हा तीन वेळा उभं राहा, पहिल्यासारखंच, वही घेऊन. सायकली मागून जातात की अजून पुढून? पुढून जात असतील तर पोरांना रागावण्याआधी वाट बघा. नव्वद टक्के वेळा वाटेत पाणी साचलेलं असतं, किंवा कोणी मोटरसायकल लावलेली असते, किंवा वळण फार आखूड झालेलं असतं.

आमच्याकडे मृगाच्या पहिल्या सरीत वाटेचा मधला तुकडा दबला आणि सात-आठ मीटर डबकं झालं. दुसऱ्याच दिवशी सकाळी सगळ्या सायकली परत बसच्या दारासमोर. त्या संध्याकाळी दोन ट्रॉल्या मुरूम आणि एक पाईप टाकला. आता दरवर्षी रोहिणी लागल्या की शाळेच्या सुट्ट्या संपायच्या आत आम्ही पाच-सहा जण फावडी घेऊन जातो. मनगट मोडलेली ती म्हातारी शेजारीच राहते. हात तिचा पूर्ण वळत नाही अजून, पण मुरूम बसला की नाही ते पायानं दाबून तीच सांगते, आणि तिनं "इथं अजून टाका" म्हटलं तर आम्ही टाकतो.